फुटल्याचा जबाब

लातूर जिल्ह्यात आजवर जेवढी चिनी मातीची भांडी मांजरांनी फोडली म्हणून सांगितलं गेलंय, तेवढी मांजरं या जिल्ह्यात जन्मली तरी असतील का, अशी शंका अप्पांना होती. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, भावांच्या आडतीमागे एक खोली होती. तिथं बसून ते फुटकी जुनी भांडी जोडायचे. सुरया, गुलाबदाण्या, निजामाच्या काळातल्या बशा, हुक्क्याची बुडं, लोणच्याच्या बरण्या. हैदराबादचे जुन्या वस्तूंचे व्यापारी लाकडी पेट्यांत भुसा भरून माल पाठवायचे, आणि गल्लीतली एखादी बाई पदराखाली बरणी घेऊन यायची. दोघांनाही अप्पांचा पहिला प्रश्न एकच.

"कसं फुटलं?"

"मांजरानं पाडलं, अप्पा."

"मांजर घेऊन ये. जबाब लिहून घेतो त्याचा."

ही चेष्टा नव्हती. त्यांच्याकडे खरंच एक वही होती, दोनशे पानांची, शाळेच्या पोरांची असते तसली. डाव्या पानावर भांडं आणणाऱ्यानं ते कसं फुटलं हे स्वतःच्या हातानं लिहायचं आणि खाली सही करायची. लिहिता येत नसेल तर अप्पा लिहून घ्यायचे आणि अंगठा. उजवं पान त्यांचं. त्यावर ते मुंगीएवढ्या अक्षरात काम कसं झालं ते लिहायचे. "डावं तुझं, उजवं माझं. माझं बघायचं न्हाई," असं सांगायचे आणि वही छातीशी धरायचे. डाव्या पानावरचंही ते कुणाला दाखवत नसत. सासूनं काय फोडलं ते सुनेला कळलं नाही आणि सुनेनं काय फोडलं ते सासूला.

खरं लिहिल्याशिवाय भांड्याला हात नाही. मी एकदा चिडून विचारलं, "अप्पा, तुम्हाला काय करायचंय? जोडून द्या आणि मोकळे व्हा." तर म्हणाले, "डॉक्टरला जाऊन पोट दुखतंय त्याला डोकं दुखतंय म्हणून सांगशील का? पडलेलं येगळं, मारलेलं येगळं, कढत पाण्यानं तडकलेलं येगळं. आतला ताण कुठं बसलाय ते मला कळायला नको?" हे खरं होतं. पण ते पूर्ण खरं नव्हतं, असं मला पुढं वाटायला लागलं. त्यांना ऐकायला आवडायचं. माणूस खोटं सांगता सांगता खऱ्याकडे कसा वळतो, ते ते मान तिरकी करून ऐकायचे, कपाचा आवाज ऐकायचे तसंच.

कपाचा आवाज ही त्यांची दुसरी खोड. उजव्या करंगळीचं नख वाढवलेलं होतं. कुठलंही भांडं हातात आलं की त्या नखानं टिचकी. भांडं सबंध असेल तर लांबवर वाजतं, बारीक जरी तडा असला तर आवाज मध्येच बसतो. त्यासाठी खोलीत पंखा नाही, रेडिओ नाही, मोबाईल बाहेर कट्ट्यावर. एप्रिल-मे महिन्यात उदगीरला बिनपंख्याच्या खोलीत बसणं काय असतं ते तिथं बसणाऱ्यालाच ठाऊक. लग्नाकार्यात चहा आला तरी आधी टिचकी. एकदा नवरीच्या मामाच्या हातावर कप परत ठेवून म्हणाले, "ह्याला आतून गेलाय. दुसऱ्या कुणाला देऊ नका, कढत चहा मांडीवर येईल." मामाला तो अपमान वाटला. कप मात्र दुसऱ्या पंगतीला खरंच फुटला.

ते शिवभक्त, गळ्यात चांदीच्या डबीत लिंग. कामाला वाकले की डबी लोंबून भांड्याला लागेल म्हणून ती सदऱ्याच्या खिशात ठेवून वर बटण लावायचे. कपाळावरचं भस्म काम संपल्यावर. सकाळी लावलं तर एखादा कण भांडी जोडायच्या मसाल्यात पडतो आणि जोडात रेघ उमटते, असं त्यांचं म्हणणं. भावांना हे पटायचं नाही. थोरला भाऊ गिऱ्हाइकांसमोर म्हणायचा, "आमचा धाकटा देवाला दुपारी उठवतो." अप्पा म्हणायचे, "त्याला घाई न्हाई. घाई तुलाच हाय."

धान्याच्या घरात जन्मल्याचा एक उपयोग मात्र त्यांनी करून घेतला होता. जोडलेला तुकडा वाळेपर्यंत हलू नये म्हणून बाकीचे कारागीर रेतीत भांडं रोवतात. अप्पा ज्वारीत रोवायचे. मोठी थाळी ज्वारीत, कप मुगात, आणि अत्तराची इवलीशी कुपी असेल तर खसखशीत. "रेती वरखडती. ज्वारी धरती," म्हणायचे. खोलीभर परातीच पराती, आणि त्यातून कुठं सुरईची मान वर आलेली, कुठं अर्धी बशी. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटावं, पेरणी झालीय आणि हे उगवून राहिलंय.

आणि चाळण्या. एखादा तुकडा कमी असला की ते माणसाला परत पाठवायचे. "झाडू नको, चाळ." नाहीतर स्वतः जायचे. लातूरच्या एका वकिलांकडे असेच गेले होते. वकिलांच्या आजोबांची निळ्या फुलांची सुरई फुटली होती, आणि वकिलांनी मांजराचं नाव घेतलं होतं. अप्पा आडतीतल्या तीन चाळण्या काखेत मारून एसटीनं लातूरला. दिवाणखान्यातला गालिचा उचलायला लावला, सोफे सरकवायला लावले, केर चाळला. तुकडा कुठं सापडला? सुरई ठेवलेल्या जागेपासून पंधरा फुटांवर, टीव्हीच्या मागे.

"वकीलसाहेब, मांजर लई ताकदीचं दिसतंय तुमचं."

वकिलीणबाईंनी तोंडाला पदर लावला. वकीलसाहेब छताकडे पाहत म्हणाले, "मॅच चालू होती." आयुष्यभर दुसऱ्यांचे जबाब उलटतपासणीत फाडणाऱ्या त्या माणसानं त्या दिवशी स्वतःचा जबाब दोनदा खोडून तिसऱ्यांदा नीट लिहिला. अप्पा परत येताना मोठ्या खुशीत होते. सुरई त्यांनी अशी जोडली की टिचकी मारल्यावर जवळजवळ आधीसारखी वाजायची. जवळजवळ म्हणते. पूर्वीसारखी कधीच वाजत नाही, हे त्यांनीच मला सांगितलं होतं.

सगळ्या उदगीरकडून जबाब घेणाऱ्या या माणसाला स्वतःच्या घरात एक जबाब मिळत नव्हता. ते स्वतः ज्या कपातून चहा प्यायचे त्याला कान नव्हता. कान होता, खोलीतल्या फळीवर कापसात ठेवलेला, नीट एका तुकड्यात. पाच मिनिटांचं काम. पण तो तुटला कसा हे अक्का, म्हणजे त्यांची बायको, सांगत नव्हत्या. चहा घेऊन अक्का दारात आल्या की अप्पा कप दोन्ही तळव्यांत धरून विचारायचे, "कसं फुटलं?"

"मांजर."

"आपल्याकडं मांजर हाय?"

"तवा होतं."

"बरं. राहू दे मंग."

हे मी रोज ऐकलंय. वीस वर्षं चाललंय असं आडतीतले लोक सांगायचे. कढत कप धरून अप्पांच्या तळव्यांना घट्टे पडले होते.

आता माझं सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. घरात म्हणजे आई-वडिलांच्या दोन्ही बाजूंनी, मागच्या जेवढ्या पिढ्या माहीत आहेत तेवढ्यांत. हे मी सांगते. सांगू नये असं शिकलेल्या घरातल्या लोकांना वाटतं, त्यांना वाटू दे. आमचं गाव मुखेड तालुक्यातलं. वडील उदगीरच्या मोंढ्यात हमाल होते, आणि अप्पांच्या भावांच्या आडतीतली पोती त्यांनी पाठीवरून वाहिलेली.

बीएच्या दुसऱ्या वर्षाला असताना आईची लोणच्याची बरणी घेऊन मी पहिल्यांदा त्या खोलीत गेले. मीही मांजर सांगितलं. अप्पांनी बरणीचा तळ बघितला, माझ्या पायाकडं आणि काखेतल्या पुस्तकाकडं बघितलं. अंगठ्याला पट्टी होती. म्हणाले, "मांजर काय वाचत होतं?" मी परीक्षेसाठी पुस्तक हातात धरून घरभर फिरत पाठ करत होते, आणि ठेच लागली होती. तसं लिहून दिलं. सही करताना नावापुढे कंसात 'बी.ए. भाग दोन' लिहिलं.

"हे शेपूट कशाला?"

"शिकते मी."

"हमालाची ना तू? बरं बरं. असू दे शेपूट." तेव्हापासून मी 'बीए'. पुढं मी इतिहासात एम.ए. झाले, विद्यापीठात नंबर आला, पेढे घेऊन गेले. त्यांनी पेढा तोंडात टाकला आणि म्हणाले, "बीए, पेढा बरा हाय."

"एम.ए. झाले मी, अप्पा."

"तेच ते."

मला राग यायचा. ज्याच्या घरात शिक्षण आयतं असतं त्याला 'तेच ते' म्हणायला काय जातं? तसं मी एकदा तोंडावर बोललेसुद्धा. ते हसले नाहीत की चिडले नाहीत. करंगळीनं एका बशीला टिचकी मारून ऐकत बसले.

एम.ए. झाल्यावर मला तिथल्याच एका कॉलेजात संग्रहालय सहायक म्हणून कंत्राटावर घेतलं. संग्रहालय म्हणजे एक खोली आणि तीन काचेची कपाटं. पण त्याच्या किल्ल्या माझ्याकडे होत्या आणि दारावरच्या पाटीवर माझं नाव होतं. वडील एकदा मोंढ्यातून डोक्याचं फडकं न सोडता आले, पाटी बघितली आणि आत न येताच परत गेले. कंत्राट अकरा महिन्यांचं. कायम होण्याची आशा होती, आणि ती तपासणी समितीवर अवलंबून होती. बाहेरून समिती येणार, कॉलेजला दर्जा देणार, त्यात संग्रहालयालाही गुण. समिती सोमवारी येणार होती.

आमच्या संग्रहालयातली सगळ्यात मोलाची वस्तू होती एक चिनी थाळी. कोवळ्या मुगाच्या शेंगेचा रंग, मध्ये एक कमळ, जेमतेम दिसेल असं उठवलेलं. एका जुन्या घराण्यानं दिलेली. जुनी माणसं तिला जहराची थाळी म्हणायची. तिच्यात विष कालवलेलं अन्न वाढलं की ती तडकते, अशी समजूत. रजिस्टरात तिच्यापुढे लिहिलं होतं: 'अखंड'.

शनिवारी दुपारी मी ती धुवायला घेतली. कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या घरी पाहुणे यायचे म्हटलं की आई तांब्याचा हंडासुद्धा चिंचेनं घासून काढायची, तशी मी कपाटं पुसली आणि मग थाळी घेतली. तिच्यावर वर्षानुवर्षांचा पिवळट राप होता. स्टाफरूमच्या शेगडीवर पाणी कढवलं, त्यात धुण्याचा सोडा टाकला आणि थाळी बुडवली. पाच मिनिटांनी उचलायला गेले तर माझ्या हातात अर्धीच आली. बाकीची बादलीच्या तळाशी. आवाजसुद्धा झाला नाही. सहा तुकडे.

ओढणीत गुंडाळून मी अप्पांकडे पळाले. "पडली," म्हणाले.

त्यांनी एक तुकडा उचलला, उजेडाकडे धरला, कडेवरून बोट फिरवलं. "पडलेल्याला मार लागल्याची एक जागा असती. तिथून तडे निघत्यात. ती जागा दाव मला."

"मला काय माहीत? पडली एवढं खरं."

"मंग घेऊन जा." त्यांनी सहाही तुकडे परत ओढणीत ठेवले, एकाला एक लागू नये म्हणून मध्ये कापूस घातला, आणि गाठ मारून दिली.

रात्रभर मला झोप नाही. लिहून दिलं तर ते कागदावर आलं. कागदावर आलं की कधीतरी कुणी वाचणार. आणि मग हमालाच्या पोरीनं संग्रहालयातली थाळी खरकट्या ताटासारखी सोड्यात घातली, हे कॉलेजभर होणार. मला नोकरीपेक्षा त्या वाक्याची भीती जास्त होती. पण अप्पांशिवाय ती थाळी जोडणारा दुसरा माणूस हैदराबादपर्यंत नव्हता. रविवारी सकाळी सातला जाऊन मी सगळं लिहून दिलं. कढत पाणी, सोडा, सगळं. सही केली, पुढे एम.ए. लिहिलं.

त्यांनी वाचलं. "सोडा किती?"

"मूठभर."

"जहर म्हणत्यात ते हेच." मग एका तुकड्याची कड माझ्यापुढे धरली. कडेला तपकिरी रेघ होती. "तू फोडली न्हाईस. ही आधीच फुटकी होती. लाखेनं जोडलेली हाय. लाख सोड्यात सुटली." आणि तुकडा खाली ठेवत, "ही लाख माझ्या हातची हाय."

मी ती रेघ जवळून बघितली.

"तीसेक वर्षं झाली. त्या घरातल्या सुनेनं चोरून आणली होती. रडत होती. मला तवा दिसू न देण्याची लई हौस होती. अशी जोडली का कुणाच्या बापाला कळलं न्हाई. वही तवा नव्हती."

"म्हणजे पहिलं खोटं तुम्ही बोललात, अप्पा."

"हाव."

एवढंच. मग डबी खिशात घालून बटण लावलं आणि विचारलं, "आता बोल. दिसू द्यायचं का न्हाई?"

"दिसता कामा नये. उद्या दहाला समिती आहे. आज संध्याकाळपर्यंत झाली पाहिजे. तुमच्या पाया पडते."

"पाया-बिया पडू नको, परातीला पाय लागंल."

स्पिरिटच्या बोळ्यांनी त्यांनी जुनी लाख काढायला घेतली. एरवी ते सगळे तुकडे आधी कोरडेच, नुसत्या चिकटपट्टीनं जुळवून बघायचे, दिवसभर तसेच ठेवायचे, आणि मग मसाला. त्या दिवशी मी दर दहा मिनिटांनी घड्याळ बघत होते. त्यांनी कोरडं जुळवणं सोडून दिलं. लवकर धरणारा मसाला घेतला. पहिला तुकडा ज्वारीत, त्याला दुसरा, तिसरा. प्रत्येक जोडावर नख फिरवायचे. नख अडकलं नाही की "साकू" म्हणायचे. साकू म्हणजे पुरे. तेवढं कानडी त्यांच्या तोंडात कायम. दुपारी तीनपर्यंत पाच तुकडे बसले. सहावा, पानाच्या विड्याएवढा तिकोनी, राहिला.

तो बसला नाही.

सगळीकडून आत जायचा आणि एका कडेला उभा राहायचा. केसभर. अप्पांनी फिरवून बघितला, दाबून बघितला नाही. मग हात मांडीवर ठेवले. आधीच्या कुठल्या तरी जोडात अंशभर जाडी राहिली होती, ती साठत साठत शेवटच्या जागेवर येऊन थांबली होती.

"आता?" मी विचारलं.

"दोन वाटा हायत. सगळं सोडवायचं, परत पहिल्यापासून. तीन-चार दिवस. न्हाईतर ह्या तुकड्याची कड घासायची. दोनदा कानस फिरवली का बसतो. कुणाला कधी कळणार न्हाई. मलासुद्धा परत सांगता यायचं न्हाई कुठं घासली."

"घासा मग."

त्यांनी खणातून बारीक कानस काढली. जराशी फुंकली. आणि माझ्यापुढे धरली. "घे. तूच घास."

मी घेतली. डाव्या हातात तुकडा, उजव्या हातात कानस. त्या तुकड्यावर कमळाची एक पाकळी होती. जी कड मी घासणार होते ती शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी भट्टीतून काढलेली, फुटलेली असली तरी तिचीच. एकदा घासली की मग ती थाळी कायमची माझ्या सोयीची होणार होती. बाहेर ट्रकमधून पोती उतरत होती, हमालांचा आवाज येत होता. मी कानस कडेला टेकवली. टेकवल्यावर जो खर्र आवाज आला तो फार बारीक होता, पण त्या पंखा नसलेल्या खोलीत तो केवढा तरी वाटला.

मी कानस खाली ठेवली.

अप्पांनी तुकड्याच्या कडेवरून नख फिरवून बघितलं, "लागलं न्हाई" म्हणाले, आणि मग, "पाणी ठेव. कोमट. सोडा नको."

अक्का चहा घेऊन आल्या तेव्हा आम्ही दोघं मिळून दिवसभराचं काम सोडवत होतो. त्यांनी परातीकडं बघितलं, माझ्या तोंडाकडं बघितलं, आणि पहिल्यांदाच अप्पांनी विचारायच्या आत म्हणाल्या, "मांजर."

सोमवारी कपाटात थाळीची जागा रिकामी होती. तिथं मी एक कार्ड ठेवलं, माझ्याच अक्षरात: 'ही थाळी पूर्वी फुटून लाखेने जोडलेली होती. शनिवारी सहायकाने कढत पाण्यात व सोड्यात धुतल्यामुळे जुने जोड सुटले. दुरुस्ती चालू आहे.' खाली नाव, पद, सही. रजिस्टरातलं 'अखंड' खोडून तिथंही तारीख घालून तेच लिहिलं. समितीतले एक गृहस्थ कार्डासमोर थांबले, चष्मा वर करून दोनदा वाचलं, माझ्याकडं बघितलं आणि पुढं गेले. प्राचार्य मात्र संध्याकाळी म्हणाले, "मॅडम, एवढं तुम्हाला कुणी विचारलं होतं?"

कुणी नव्हतं विचारलं. अकरा महिने संपल्यावर नवं पत्र आलं नाही. कारण कुणी सांगितलं नाही, मीही विचारायला गेले नाही. पाटी निघाली. वडिलांना सांगितलं तेव्हा मला वाटलं ते खचतील. ते म्हणाले, "वाटंत पोतं फाटलं तर हमालानं आधी सांगावं लागतं, बाई. न्हाईतर घरापस्तोर ज्वारी सांडत जाती." आणि जेवायला बसले.

थाळी चौथ्या दिवशी जोडून झाली होती. या वेळी त्यांनी जोड बारीक केले पण लपवले नाहीत. हातभर अंतरावरून दिसत नाहीत, जवळ गेलं की दिसतात. आजही ती त्याच कपाटात आहे आणि कार्ड बदललेलं असलं तरी रजिस्टरात अक्षर माझं आहे.

मग मी अप्पांच्या खोलीत जाऊन बसले. "शिकवत न्हाई," ते म्हणाले. "बघायचं तर बघ." मी साडेतीन वर्षं बघितलं. आधी वहीत जबाब लिहून घेण्याचं काम, मग स्पिरिटचे बोळे, मग एक दिवस न बोलता एक फुटका कप माझ्याकडे सरकवला. आज मी नांदेडला याच कामावर आहे. माझ्याही खोलीत पंखा बंद असतो, आणि येणाऱ्याला मीही विचारते कसं फुटलं. इकडेही मांजरं पुष्कळ आहेत.

अप्पा गेल्या वर्षी गेले. आधी डोळे अधू झाले, मग हात थरथरायला लागला. शेवटी शेवटी ते नुसतं ऐकायचे, कुणी भांडं आणलं की टिचकी मारून सांगायचे, "नांदेडला बीएकडं जा."

दिवाळीनंतर एका सकाळी अक्का आल्या. उदगीरच्या एसटीनं, एकट्या, हातात कापडी पिशवी. पाणी प्यायल्या, खोलीतल्या पराती बघितल्या, "ज्वारीच वापरतीस का," म्हणाल्या. मग पिशवीतून एकेक काढलं. बिनकानाचा कप. कापसातला कान. आणि ती वही.

"लिही," म्हणाल्या. "मला अक्षर येत न्हाई एवढं."

मी पेन घेतलं.

"मी फेकला. हे तीन दिवस एका सुरईपाशी बसले होते, जेवायला उठंनात. चहा घेऊन गेले तर म्हणले, आवाज करू नको. मंग मी आवाज केला."

मला हसू आवरेना. त्याही हसल्या, आणि डोळे पुसले. "मांजर आमच्या घरी कधीच नव्हतं."

"अक्का, त्यांना कळलं नसेल का?"

"न कळायला काय झालं? भिंतीवर खूण हाय अजून."

"मग सांगून का टाकलं नाही?"

"सांगितलं असतं तर कान बसवला असता. मंग रोज विचारायला काय राहिलं असतं त्यांच्यापाशी?" पदर सावरून त्या म्हणाल्या, "कान बसवू नको. नुसतं लिहून ठेव."

कोरं डावं पान शोधायला मी वही चाळली. चाळता चाळता माझंच अक्षर समोर आलं. कढत पाणी, सोडा, सही, एम.ए. आणि शेजारी उजवं पान. ते बघायचं नाही हा नियम मी इतकी वर्षं पाळला होता. मी अक्कांकडे बघितलं. "वाच की," त्या म्हणाल्या, "आता कोण रागावतंय?"

मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलं होतं. मी मोठ्यानं वाचलं.

'हिरवी थाळी. सहा तुकडे. घाई केली. कोरडं जुळवून बघितलं नाही. दुसऱ्या तुकड्याच्या कडेला माझीच जुनी लाख राहिली होती, म्हणून शेवटचा बसला नाही. चूक माझी. कानस एम.ए.च्या हातात दिली. तिनं खाली ठेवली.'